कॅप्टनसाहेबांच्या छातीवर माझ्या नवऱ्याचं नाव

माझ्या नवऱ्याचं नाव कितीतरी वर्षं एका परपुरुषाच्या छातीवर होतं, आणि त्या पुरुषाचं नाव माझ्या नवऱ्याच्या छातीवर. ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. हसून घ्या. मीही पुष्कळ हसले आहे, आणि रडायची पाळी आली तेव्हा दोघांच्याही नावानं बोटं मोडली आहेत.

तो परपुरुष म्हणजे कॅप्टन पेरेग्रिन मॉर्डंट. एका लॉर्डाचे चौथे चिरंजीव. पहिल्याला जमीनजुमला मिळाला, दुसऱ्याला चर्चमधली गुबगुबीत जागा, तिसऱ्यानं श्रीमंत बायको गटवली, आणि चौथ्याला बापानं एक घोडा दिला. वर ताकीद दिली की हा मेला तर दुसरा मागायला यायचं नाही. साहेब घोडदळात शिरले ते असे. माझे यजमान जेबेझ लस्कम त्याच रिसाल्यात साधे स्वार. आणि मी थर्झा, रिसाल्याबरोबर राहायची परवानगी मिळालेल्या मोजक्या बायकांपैकी एक. साहेबलोकांचे सदरे धुवायचं काम माझ्याकडे होतं. माणसाचे सदरे धुवायला लागलं की त्याची फुशारकी आपल्यापुढे फार दिवस टिकत नाही.

साहेबांची कारकीर्द सांगायला बसलं तर हसावं की रडावं कळत नाही. त्या काळी घोडदळात वरची जागा मर्दुमकीनं मिळायची नाही, विकत घ्यावी लागायची. साहेबांच्या खिशात दमडी नव्हती. त्यामुळे कालची मिसरूड फुटलेली पोरं, तीही घोड्यावरून पडून रडणारी, डोळ्यांदेखत मेजर झाली आणि मॉर्डंटसाहेब कॅप्टनचे कॅप्टनच राहिले. हिंदुस्थानात बंड झालं तेव्हा आमचा रिसाला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिथून साहेबांना पदक मिळालं नाही, मूळव्याध तेवढी मिळाली. मग चीनला गेलो. तिथं पदक मिळालं, पण लढाई दिसली नाही, कारण घोड्यांना बोट लागली होती आणि साहेब त्यांच्या उशाशी बादल्या घेऊन बसले होते. ते चीनचं पदक पुढं त्यांनी कपाटाचं दार खडखडू नये म्हणून फटीत खुपसून ठेवलं होतं. मी स्वतः पाहिलंय.

जपायचे ते एकच पदक. क्रिमियाचं.

बंड आणि चीन ह्यांच्या आधीची गोष्ट. क्रिमियात आमचा रिसाला रशियन तोफांवर तुटून पडला. जाताना होते त्यांतले निम्मे परत आले. त्या निम्म्यांत हे दोघे एकाच घोडीवर बसून, भांडत भांडत आले. आमचे हे म्हणायचे, "साहेब पायी, एका पायात बूट, तलवारीचा पत्ता नाही. मी कंबरपट्ट्याला धरून वर ओढलं आणि वाचवलं." साहेब म्हणायचे, "हा गाढव घोडी घेऊन सरळ तोफांकडं निघाला होता. मी मागून उडी मारली, लगाम खेचला आणि वाचवलं." घोडीला विचारलं असतं तर तिनं दोघांनाही लाथ घातली असती.

मग लंडनमध्ये पदकं वाटायचा दिवस आला. खुद्द राणीच्या हातून. मी कठड्यापाशी गर्दीत उभी होते, टाचा उंचावून. प्रत्येक पदकाच्या काठावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं होतं आणि पदकं ओळीनं तबकात लावलेली होती. आमचे सार्जंट क्रिक ते तबक घेऊन मोठ्या ऐटीत निघाले आणि घोड्याला टोचायच्या स्वतःच्याच टाचेच्या आरीत पाय अडकून सपशेल आडवे झाले. पदकं गवतात. भराभर गोळा करून पुन्हा तबकात टाकली, पण ओळ गेली ती गेलीच. कुजबूज झाली, 'जे मिळेल ते मुकाट्यानं घ्या, संध्याकाळी बराकीत अदलाबदल करू.'

संध्याकाळी सगळ्यांनी अदलाबदल केली. फक्त दोघं उरले. माझ्या यजमानांना पदक मिळालं होतं, काठावर 'कॅप्टन पी. मॉर्डंट'. साहेबांना मिळालं होतं, काठावर 'स्वार जेबेझ लस्कम'. योगायोग म्हणा, नाहीतर क्रिकची कृपा म्हणा.

साहेब आमच्या बराकीत आले. हे ताठ उभे राहिले.

"लस्कम, तुझ्याकडे माझं पदक आहे."

"नाही साहेब. हे माझं आहे. राणीसाहेबांनी माझ्या हातात दिलं. त्यांचं बोट ह्याला लागलंय."

मला वाटलं, आता झाली ह्यांची पाठ सोलायची तयारी. पण साहेबांनी स्वतःच्या छातीवरच्या पदकावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीही हेच सांगायला आलोय. ह्यालाही त्यांचं बोट लागलंय. मागशील तर याद राख."

भांडायला आलेल्या दोन माणसांचं इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नाही.

पुढं दोघंही नोकरीतून मोकळे झाले आणि इथं, डेव्हन परगण्यात, स्टोकबर्न गावीच येऊन राहिले. हे सरायीत घोड्यांची देखभाल करायला लागले, सरायीमागची कोठडी आम्हाला राहायला मिळाली. साहेबांनी खोगीरवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही. पेन्शन होती, पण थोरल्या भावाला शर्यतीच्या घोड्यांचा नाद, आणि साहेब त्याला जामीन राहिलेले. त्या घोड्यांनी साहेबांची पेन्शन खाऊन टाकली. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला सदऱ्यांवरून कळलं. दर आठवड्याला तेच तीन सदरे, आणि कॉलर उलटून शिवलेली.

दर ऑक्टोबरात, लढाईच्या तारखेला, साहेब माझ्या स्वयंपाकघरात तपासणीला यायचे. मी केक आणि सफरचंदाची दारू पुढं ठेवायची. त्याला मात्र आधी हात लावायचा नाही. आधी पदकं.

"लस्कम, माझं नाव काळं पडलंय."

"चुलीचा धूर आहे साहेब. पण माझ्या नावावर हे काय? मेणबत्तीचं मेण? शोभतं का?"

"कुठं आहे मेण?"

"हे काय, जेबेझच्या 'ज'वर. तुमचं नाव मी पोटच्या पोरासारखं पुसतो आणि तुम्ही माझ्यावर मेण सांडता!"

"बरं बरं. पुढच्या वर्षी दिसणार नाही."

मग दोघं केकवर तुटून पडायचे आणि कुणी कुणाला वाचवलं ह्यावर पहिल्यापासून भांडायचे. गावात कुणालाच पत्ता नव्हता. पदकाचा काठ कोण बघतो? साहेबांनी मात्र ह्यांच्यादेखत मला एकदा बजावलं होतं, "लस्कमबाई, बाहेर बोलायचं नाही. लॉर्डाचा मुलगा स्वाराचं नाव लावून फिरतो म्हटल्यावर लोक मला जगू देणार नाहीत." मी म्हटलं, "आणि माझा नवरा लॉर्डाच्या मुलाचं नाव लावून फिरतो, त्याला कोण जगू देईल? चोर म्हणतील." साहेब म्हणाले, "म्हणूनच."

मग संकट आलं. एका मस्तवाल घोड्यानं ह्यांना भिंतीशी दाबलं आणि कंबर कायमची गेली. त्यात सराय दुसऱ्यानं घेतली. नव्या मालकानं सांगितलं की सप्टेंबर संपेपर्यंत कोठडी खाली करा. आम्हाला मूलबाळ नाही. जाणार कुठं? उरला गरीबखाना, निराधारांना ठेवतात तो. तिथं पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मध्ये भिंत. म्हाताऱ्या जोडप्याला एक खोली देतात म्हणे, पण आमच्याकडच्या गरीबखान्यात ती खोली कुणी बघितलेली नाही. ह्या माणसाच्या मागं मी अर्धं जग तुडवलं, जहाजात ओकले, तंबूत बर्फ उपसलं, ते काय शेवटी भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकायला?

दुसरी जागा होती ती जनरलीणबाईंच्या खोल्यांची. एका मेलेल्या जनरलच्या विधवेनं घोडदळातल्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या सहा खोल्या. भोवती भिंत, मध्ये अंगण, कोपऱ्यात प्रार्थनेची खोली आणि पुरायला चार हात जागा. बायकोला बरोबर ठेवता येतं. त्यांतल्या दोन रिकाम्या होत्या. पण नियम कडक. आधी एका न्हाव्यानं गहाणवटीच्या दुकानातून पदक आणलं होतं आणि तीन हिवाळे शूरवीर म्हणून फुकट खाल्लं होतं. तेव्हापासून नियम झाला की ज्याला खोली हवी त्याच्या नावाचं पदक समितीपुढं आलं पाहिजे, आणि तो राहील तोवर ते पदक आवाराच्या आत राहिलं पाहिजे. नोकरीचा कागद? तो आमच्या ह्यांनी सुटले त्याच दिवशी रागाच्या भरात पाईप पेटवायला वापरला होता.

मी म्हटलं, "अहो, आता तरी बदलून घ्या."

"राणीसाहेबांचं बोट..."

"खड्ड्यात गेलं ते बोट! थंडीत तुमच्या पाठीला शेक द्यायला राणी येणार आहे का?"

तोंड फिरवून बसले. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी परातीत पीठ मळता मळता मला रडू फुटलं. मी काही फार रडणारी बाई नाही.  हे उठले, काठी घेतली, पदक लावलं आणि लंगडत बाहेर पडले. खोगीरवाल्याच्या दुकानाकडं चाललेले मला खिडकीतून दिसले. त्या माणसानं माझ्यासाठी काय करायला घेतलंय ते मला कळलं आणि माझं पीठ तसंच राहिलं.

परत आले ते तेच पदक छातीवर घेऊन.

"काय झालं?"

"साहेब नको म्हणाले."

"नको?"

"म्हणाले, काढलंस तर उद्यापासून मला सलाम करू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचे धुतलेले सदरे काखेत मारले आणि गेले तरातरा. जिना चढून सदरे खाटेवर आपटले आणि म्हणाले, "साहेब, आयुष्यभर तुमची घाणेरडी कापडं धुतली, कधी ब्र काढला नाही. तुमचा हट्ट तुम्हाला लखलाभ. पण त्या हट्टापायी माझा नवरा भिंतीपलीकडं गेला, तर रोज सकाळी तुमच्या दारात येऊन शिव्या देईन."

खोलीत शेकोटी नव्हती. सप्टेंबरची थंडी आणि साहेब ओव्हरकोट घालून बसलेले. खाली मान घालून म्हणाले, "लस्कमबाई, सोमवारी समितीपुढं या दोघंही. पदक आहे तेच लावून."

"म्हणजे चोर म्हणवून घ्यायला?"

"मी आहे समितीवर."

घोडदळातले म्हणून त्यांना समितीवर घेतलं होतं, एवढं खरं. पण त्यांच्या एकट्याच्या शब्दाला कोण विचारतो? मी सोमवारसाठी त्यांतला एक सदरा तेवढा परत उचलला आणि घरी नेऊन त्याच्या कॉलरला इतकी खळ दिली, इतकी खळ दिली, की तिच्यावर भाकरी थापता आली असती. सूड म्हणून.

सोमवारी टेबलापलीकडं तिघं होते. मधोमध पाद्री क्वार्म, एका बाजूला दारूच्या भट्टीचे मालक पिंकार्ड, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. माझ्या कॉलरमुळं साहेबांची मान हलत नव्हती. कुणाकडं बघायचं तर सगळं धड वळवावं लागत होतं. इतक्या काळजीतही मला बरं वाटलं.

पाद्रींनी भिंग काढलं, ह्यांचं पदक तिरपं धरलं आणि काठ वाचला. पुन्हा वाचला.

"कॅप्टन पी. मॉर्डंट."

"चोरी!" पिंकार्ड ओरडले. "साहेब, तुमचं पदक चोरलंय ह्यानं! हवालदाराला बोलवा!"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला.  साहेबांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, मग ह्यांना तुरुंगात टाकलं असतं तरी हे बोलले नसते. माझ्या तोंडात शब्द आला होता, तेवढ्यात साहेबांची खुर्ची सरकली. ते टेबलाला वळसा घालून आले आणि ह्यांच्या शेजारी, अर्जदाराच्या जागी, टाचा जुळवून उभे राहिले.

"पाद्रीबुवा, आता माझं वाचा."

"साहेब, नका!" हे कळवळून म्हणाले.

"गप रे. वाचा बुवा. काढणार नाही मी, तुम्हीच जवळ या."

पाद्री उठले, साहेबांच्या छातीला नाक लावून वाचू लागले. "स्वार... जेबेझ... लस्कम."

पिंकार्ड आधी बघत राहिले, मग त्यांना हसू आवरेना. भट्टीवाला हसला म्हणजे दुपारच्या चहापर्यंत सगळ्या गावाला कळणार, हे आम्हाला ठाऊक होतं. साहेबांचे कान लालबुंद झाले. पण मान ताठच. ती तशीही वाकणार नव्हती म्हणा.

"नियम काय आहे?" साहेबांनी विचारलं. "अर्जदाराच्या नावाचं पदक समितीपुढं यावं. आलंय की नाही?"

"आलंय. पण ते तुमच्या अंगावर आहे!"

"कुणाच्या अंगावर असावं, हे जनरलीणबाईंनी लिहिलंय?"

पाद्रींनी नियम चाळले. लिहिलेलं नव्हतं. मग सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "हे बघा, सोपं आहे. आत्ता इथं बदलून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला."

"नाही!" दोघं एका दमात ओरडले.

पाद्री चिडले. "मग दुसऱ्या नियमाचं काय? लस्कमच्या नावाचं पदक आवाराच्या आत राहिलं पाहिजे. तुम्ही ते लावून गावभर फिरणार. ते आत कसं राहील?"

 मी ह्यांची बाही घट्ट धरली. साहेबांनी सगळं धड वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पाद्रींकडं वळले.

"राहील," ते म्हणाले. "दोन खोल्या रिकाम्या आहेत. दुसरा अर्ज माझा. माझ्या नावाचं पदकही समितीपुढं आहे, आत्ताच तुम्ही वाचलंत."

पिंकार्डचं हसू तोंडातच विरलं. लॉर्डाचा मुलगा, आणि धर्मादाय खोली मागतोय! पाद्री काहीतरी पुटपुटले, साहेबांचा मानमरातब वगैरे. साहेब म्हणाले, "बुवा, दोन हिवाळे झाले, मी शेकोटी पेटवलेली नाही." आवाज चढवला नाही की उतरवला नाही. ते तीन सदरे मी इतकी वर्षं धूत होते, तरी दोन हिवाळ्यांचं मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मानेकडं माझी बघायची छाती होईना. लाज वाटली मला त्या खळीची.

खोल्या मिळाल्या. आम्हाला तिसरी, साहेबांना चौथी, मध्ये पातळ भिंत. गाव महिनाभर हसलं, मग कंटाळलं. रोज सकाळी साहेब भिंतीवर काठी आपटायचे.

"लस्कम! माझं नाव पुसलंस का?"

"पुसलं साहेब! माझं?"

"चकचकीत!"

आणि मी चुलीपाशी कपाळाला हात लावायची. जेवायला ते आमच्यातच असायचे. मांस भरलेली जाड पोळी भाजली की मोठा तुकडा कुणाला ह्यावरूनही, कुणी कुणाला वाचवलं ते निघायचंच.

परवाच्या फेब्रुवारीत साहेब गेले. छाती भरली होती. शेवटच्या दिवशी हे त्यांच्या उशाशी बसले, स्वतःचं पदक काढलं आणि म्हणाले, "साहेब, आता तरी घ्या. स्वतःचं नाव घेऊन जा."

साहेबांनी डोळे उघडले. "मूर्खा, राणीसाहेब अजून हयात आहेत. त्यांना कळलं तर काय म्हणतील?" मग म्हणाले, "लस्कम, तूच वाचवलंस. पण थर्झाबाईंना सांगू नकोस." मी दारातच उभी होते.

आवारातल्या त्या चार हात जागेत त्यांना पुरायचं ठरलं. मी त्यांना शेवटचा सदरा घातला, कॉलरला खळ न देता, मऊ ठेवून. त्यावर ते पदक लावलं. पाद्री क्वार्म आले, बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "लस्कमबाई, विचार करा. हे तुमच्या यजमानांच्या नावाचं पदक आहे. हेच पुरलंत तर तुमच्या खोलीचं काय? नियम तुम्हाला माहीत आहे."

कितीतरी वर्षं 'बदला, बदला' म्हणून ओरडणारी मीच होते. काढून ह्यांच्या हातात दिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. हे माझ्याकडं बघत उभे होते, जसे त्या सोमवारी उभे होते तसे.

"नियम म्हणतो, आवाराच्या आत," मी म्हटलं. "हे काय आवाराच्या बाहेर चाललंय? तपासायचं असेल तेव्हा या, बुवा. कुदळ मी देईन."

पाद्रींनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. पेटीवर झाकण बसलं.

आम्ही अजून तिसऱ्या खोलीतच आहोत. हे रोज सकाळी 'मॉर्डंट' चकचकीत पुसतात, काठी टेकत अंगणाच्या कोपऱ्यात जातात आणि मोठ्यानं विचारतात, "साहेब, माझ्या नावावर मेण नाही ना सांडलं?" त्या वेळी मी खिडकी लावून घेते. रडताना मी फार वाईट दिसते.